आत्याच्या टेबलाचा चौथा पाय

आधी अडचण, मग वस्तू. नववीला डिझाइन आणि तंत्रज्ञान शिकवणारे काटकोन सर हे चार शब्द वर्षाच्या पहिल्या तासापासून मुलांच्या डोक्यात खिळ्यासारखे ठोकत. आधी खरा माणूस शोधायचा, मग त्याची खरी अडचण शोधायची, आणि त्यानंतरच करवतीला हात लावायचा. काटकोन हे नाव मुलांनी त्यांच्या उभं राहण्यावरून ठेवलं होतं. सर कधी भिंतीला टेकत नसत, खुर्चीत रेलत नसत, आणि कोणी सबब सांगू लागलं की ती सरळ आहे की तिरकी हे नुसत्या डोळ्यांनी मोजत.

भिंगरीने नेमकं उलटं केलं. आधी कळस, मग पाया. ही पोरगी लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून घरच्यांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव तिच्यामागोमाग शाळेतही आलं. लोखंडी सळईवर आटे कसे पाडायचे हे सरांनी एकदा दाखवलं आणि ती त्या आट्यांच्या प्रेमातच पडली. सळई शिकंज्यात आवळायची, तेलाचा थेंब सोडायचा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. बघता बघता गुळगुळीत सळईवर गोल जिना चढत जायचा. आता आटे पाडलेच आहेत तर त्यांना काहीतरी काम हवं, म्हणून तिने कठीण लाकडाचा एक ठोकळा घेतला. त्याला वरून खोबण केली, खालून सळई बसवली आणि सळईच्या टोकाला फिरती चकती लावली. टेबलाचा आखूड पाय खोबणीत ठेवायचा, चकती फिरवायची, की पाय हवा तेवढा उंच होतो आणि टेबल डुगडुगायचं थांबतं. वस्तूचं नाव तिने ठेवलं डुगडुगमोड.

सरांनी ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. कडांवरून अंगठा फिरवला.

"छान," ते म्हणाले. सरांचं 'छान' म्हणजे दुसऱ्या कोणाच्या टाळ्या. "कोणाचं टेबल डुगडुगतं?"

याचा विचार भिंगरीने केलाच नव्हता.

"माझ्या आत्याचं," ती म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मग वापरणाऱ्यांच्या दिवशी आत्यांना घेऊन ये. टेबलासकट."

वापरणाऱ्यांचा दिवस ही सरांची खास पद्धत. त्या दिवशी मुलांनी आपापल्या वस्तू मांडायच्या आणि तोंडाला कुलूप लावून, हात मागे बांधून उभं राहायचं. बोलायचं ते वापरणाऱ्याने. अडचण काय होती, वस्तू कामाला आली का, सगळं त्याच्या तोंडून. मध्ये बोलणारं मूल नापास. सरांचं म्हणणं असं, की वस्तूची वकिली करायला बनवणारा लागत असेल तर ती वस्तूच कच्ची.

आणि नापास होणं भिंगरीला परवडणारं नव्हतं. शाळेत लेथ मशीन एकच होतं. कार्यशाळेच्या टोकाला, जाळीच्या दारामागे ते उभं असायचं, आणि दहावीत त्यावर हात ठेवायला मिळायचा तो ज्यांची नववीची वस्तू पसंत झाली त्यांनाच. भिंगरी मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्या जाळीपाशी बसे. फिरणाऱ्या लाकडातून लांबच लांब साली निघताना तिने पाहिल्या होत्या. तेव्हापासून तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

आता राहिलं आत्याचं टेबल.

आत्या शिवणकाम करायची आणि आई कामावरून परतेपर्यंत भिंगरी रोज तिच्याकडेच असायची. आत्याच्या तक्रारींना अंत नव्हता. दोरा कच्चा, बटणं महाग, शेजारीण भोचक, पंखा नुसता आवाजाचा. पण टेबल! ज्यावर ती कापड बेतायची ते टेबल खडकासारखं होतं. भिंगरीने त्याचे चारही कोपरे दाबून पाहिले, वर बसून पाहिलं, एकदा तर उडी मारून पाहिली. ते हूं की चूं करेना.

"आत्या, हे टेबल डुगडुगतं का गं कधी?" तिने आशेने विचारलं.

"टेबलाला काय धाड भरलीय? माझ्या कंबरेचं विचार. वाकून वाकून मोडायची वेळ आली."

"कंबरेचं नाही विचारलं मी. टेबलाचं सांग."

"टेबल ठणठणीत आहे. कंबर मात्र..."

"राहू दे मग," भिंगरी हिरमुसून म्हणाली. कंबरेचं तिला काय करायचं होतं? तिच्याकडे वस्तू होती टेबलाच्या पायाची.

दुसऱ्या दिवशी आत्या बटणं आणायला बाजारात गेली. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, आतल्या खोलीत दुपारची झोप काढत होते आणि त्यांचं घोरणं एका सुरात चाललं होतं. भिंगरीने दप्तरातून करवत काढली. डुगडुगमोडची कमीत कमी उंची दोन बोटं होती, म्हणजे पाय दोन बोटं आखूड हवा. टेबल कलतं करून तिने खाली विटा सरकवल्या, भिंतीकडचा एक पाय अधांतरी केला आणि कामाला लागली.

आता पाहा, पोरगी करत होती चोरी, पण शिकलेली होती काटकोन सरांच्या हाताखाली. वेडंवाकडं कापणं तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. तिने गुण्या लावून पायाच्या चारही बाजूंना बारीक रेघ ओढली. करवत रेघेच्या बाहेरच्या अंगाने चालवली. तुकडा पडला तो दप्तरात टाकला. मग कापलेल्या टोकाला पॉलिश पेपर घासला, आणि सर नेहमी सांगतात तशा चारही कडा मोडल्या, म्हणजे कानशीने किंचित तिरप्या केल्या, हाताला लागू नयेत म्हणून. टेबलाच्या तळपायाला कोण हात लावणार होतं देव जाणे! शेवटी तिने भुशाचा कण न कण झाडून घेतला, कारण काम संपलं की जागा झाडायची हाही सरांचाच नियम.

आत्या आली. तिने पिशवी टेबलावर ठेवली. टेबल धाडकन कोपऱ्याकडे कललं, खडू गडगडत खाली गेला आणि त्याच्या पाठोपाठ बटणांची पुडी.

भिंगरी श्वास रोखून बसली. आता आरडाओरडा होणार, मग आपण हळूच डुगडुगमोड पुढे करणार, मग आत्या आपल्याला पोटाशी धरणार.

आत्याने टेबलाकडे पाहिलं. टेबलाखालच्या जमिनीकडे पाहिलं. मग भिंगरीकडे पाहिलं. आणि तक्रारींची ती खाण चक्क गप्प राहिली.

"बरं," एवढंच ती म्हणाली.

"अगं बाई, डुगडुगतंय वाटतं!" भिंगरीने डोळे मोठे केले. "आत्या, काय योगायोग बघ, माझ्याकडे नेमकं..."

"शाळेची वस्तू शाळेत ठेव," आत्या म्हणाली. "घरात करवत धरणारा माणूस असताना मला बाहेरचं काही नको. अहो! उठा. टेबलाचा एक पाय आखूड झालाय. बाकीचे तीन त्याच्या मापाने कापून द्या."

आतोबा नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना निरोपसमारंभात हत्यारांची पेटी मिळाली होती. त्या पेटीला हात लावायला आत्या त्यांना देत नसे, आणि त्याला कारणं होती. घरातली एक खिडकी कायमची उघडी राहिली होती आणि एक दार कायमचं बंद. आता तीच आत्या स्वतःहून त्यांच्या हातात करवत देत होती. माकडाच्या हाती कोलीत!

आतोबांची झोप कुठल्या कुठे पळाली. "बघ हं भिंगरे, कसं झटक्यात करतो," म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या. पहिला पाय जरा जास्त कापला गेला. मग दुसरा त्याच्या मापाने कापला, तो त्याहून जास्त गेला. तिसरा कापला तेव्हा मुळातला आखूड पाय आता उंच ठरला, म्हणून तोही कापला. मग पुन्हा पहिला. प्रत्येक वेळी आतोबा लांब उभे राहून एक डोळा मिटून बघत आणि म्हणत, "आता फक्त एवढंसं." भिंगरीने चार वेळा तोंड उघडलं आणि चार वेळा मिटलं. काय सांगणार? की थांबा, मुळात हा पाय मी कापलाय?

चहाच्या वेळेपर्यंत टेबल अगदी स्थिर झालं. फक्त ते गुडघ्याच्या जरा वर राहिलं होतं.

"उत्तम," आत्या म्हणाली आणि कामाला बसली. बसली कसली, दुमडली. कापडावर ओणवी होऊन ती दर दोन रेघांना कण्हत होती, "आई गं... अगं आई गं..." आतोबा बिचारे दाराशी उभे राहून ते ऐकत होते. त्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी करवत जुन्या चादरीत गुंडाळली आणि कपाटावर पार मागे सारली.

"माझ्या हाताला यशच नाही गं," ते भिंगरीला म्हणाले. "काही करायला जावं आणि काहीतरीच होऊन बसावं. आता नाही हात लावणार."

ते ऐकून भिंगरीला रडू आलं. तिला आतोबा फार आवडत. त्यांनी तिला लहानपणी एक चाक नसलेली गाडी करून दिली होती आणि ती तिने अजून जपून ठेवली होती. हात दाखवून अवलक्षण केलं होतं तिने, आणि ते माथी आलं होतं त्यांच्या.

त्या संध्याकाळी तिने आत्याला पुन्हा विचारलं. या वेळी टेबल डुगडुगतं का असं नाही विचारलं.

"आत्या, टेबल किती उंच असलं म्हणजे तुला वाकावं लागणार नाही?"

आत्या ताडकन उभी राहिली. कोपर दुमडून तिने हात पुढे धरला आणि म्हणाली, "इथपर्यंत. खालून माप घे. चप्पल घालून उभी आहे, तेही धर." उत्तर इतकं तयार होतं, की भिंगरीला त्याचं नवल वाटायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं असलं की दुसऱ्याकडे लक्ष जात नाही.

मग ती कार्यशाळेत राबली. एका डुगडुगमोडचे चार झाले, ठोकळे उंच केले, सळया लांब घेतल्या. आटे पाडून पाडून तिच्या तळव्यांना फोड आले. सर लांबून बघत होते.

वापरणाऱ्यांच्या दिवशी शाळेचं सभागृह माणसांनी भरलं होतं. एका मुलाच्या आजोबांनी त्याने केलेला चष्मा ठेवायचा स्टँड आणला होता आणि चष्मा घरी विसरला होता. आत्याचं टेबल हातगाडीवरून आलं, चार नव्या पायांवर उभं राहिलं, आणि आतोबांनी त्याच्याशेजारी एक डबा ठेवला. त्यात कापलेल्या पायांच्या सगळ्या चकत्या होत्या. "काय झालं ते सरांना नीट कळायला हवं," ते म्हणाले. खोटेपणा त्यांच्या अंगाला कधी शिवला नव्हता.

भिंगरी हात मागे बांधून, ओठ मिटून उभी राहिली.

"अडचण काय होती?" सरांनी आत्याला विचारलं.

"टेबल बुटकं होतं. कंबर जायची."

"आणि आता?"

"आता सरळ उभी राहून बेतते. काल दिवसभर काम केलं आणि रात्री कण्हायचंच विसरले. यांना वाटलं मला बरं नाही."

सभागृहात हशा पिकला. सरांनी ठोकळ्याखालची एक चकती फिरवून पाहिली, टेबल किंचित वर आलं, किंचित खाली गेलं. त्यांनी मान हलवली. भिंगरीला लेथच्या लाकडी साली डोळ्यांसमोर दिसू लागल्या.

मग सरांनी डबा उघडला.

एकेक चकती ते बोटांत धरून पाहत गेले. जुने तळ सोडले तर सगळ्या उंदराने कुरतडल्यासारख्या. आणि मग एका चकतीपाशी थांबले. तिची वरची बाजू इतरांसारखीच होती. पण खालची बाजू नव्याने कापलेली, तरी गुळगुळीत होती, एका पातळीत होती, आणि तिच्या चारही कडा मोडलेल्या होत्या.

सरांचा अंगठा त्या कडांवरून हळूच फिरला. त्यांनी भिंगरीकडे पाहिलंच नाही. ते आतोबांकडे वळले.

"हे सगळं तुम्ही कापलंत?"

"हो," आतोबा मान खाली घालून म्हणाले.

"हेसुद्धा?"

आतोबांनी चकती पाहिली. ती आपली नाही हे त्यांनाही दिसलं असणार, एवढे काही ते आंधळे नव्हते. मग त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. क्षणभर काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं. आणि तो आयुष्यात खोटं न बोललेला माणूस म्हणाला, "माझ्याच हातून झालं असणार. चांगलं टेबल वाया घालवलं मी."

मागच्या रांगेत कोणीतरी फिदीफिदी हसलं. आतोबांचे कान लाल झाले.

भिंगरीने जाळीच्या दारामागचं ते मशीन एकदा शेवटचं आठवलं.

"आतोबांनी नाही कापलं, सर," ती मोठ्याने म्हणाली. "पहिला पाय मी कापला. टेबल डुगडुगत नव्हतं. माझी वस्तू तयार होती आणि अडचण मिळत नव्हती, म्हणून मी ती केली. पुढचं सगळं त्यामुळे झालं."

सरांनी हातातली चकती मुठीत घेतली.

"तू बोललीस," सर म्हणाले.

"हो, सर."

"नियम माहीत आहे?"

"हो, सर." डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही, कारण हात मागे बांधलेले होते.

"एक मिनिट," आत्या मध्ये पडली. तिने पदर कमरेला खोचला आणि भिंगरीवरच उखडली. "काय म्हणालीस? अडचण तू केलीस? शहाणीच आहेस! अडचण माझी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून या टेबलावर वाकतेय मी. सुताराला सांगून सांगून जीभ झिजली. 'उद्या येतो' म्हणतो आणि तो उद्या काही उजाडत नाही. तुला कंबरेचं सांगितलं तर तू म्हणालीस, राहू दे!"

भिंगरी तोंड उघडं टाकून बघतच राहिली.

"त्या दिवशी बाजारातून आले," आत्या आता सरांना सांगू लागली, "तर खोलीभर दोऱ्यांचा कचरा आणि एका पायाभोवती जमीन लख्ख झाडलेली. या पोरीने आजवर माझ्या घरात काडी उचलली नाही, सर. तिच्या दप्तरातला तो ठोकळा मी आदल्या दिवशीच पाहिला होता. मी काय ते समजले. म्हटलं, आयती सापडली आहे. एक पाय आखूड असला तर ही एकच ठोकळा लावून मोकळी होईल. चारही आखूड झाले तर चार करावे लागतील, आणि मग उंचीही मनासारखी करून घेता येईल. म्हणून यांच्या हातात करवत दिली. पुढचं यांना सांगावं लागत नाही."

"म्हणजे तू मुद्दाम...?" आतोबा तिच्याकडे वळले.

"तुमच्याइतकं चोख दुसरं कोणी बिघडवलं असतं का?" आत्या म्हणाली. "रुसू नका. करवत कपाटावरून काढा घरी गेल्यावर. बंद दार उघडायचं राहिलंय अजून."

आतोबांचा चेहरा असा काही उजळला, की भिंगरीला रडता रडता हसू फुटलं.

काटकोन सरांकडे सगळ्यांचे डोळे लागले. आणि मग, शाळेच्या इतिहासात कोणी पाहिलं नव्हतं ते झालं. सर मागे सरकले, भिंतीला टेकले आणि खांदे गदगदा हलवत हसले.

"माणूस खरा," शेवटी डोळे पुसत ते म्हणाले. "अडचण खरी. वस्तू कामाची. क्रम तेवढा उलटा, आणि त्याचे गुण कापणार. नियम मोडला त्याची शिक्षा म्हणजे शाळेतली डुगडुगणारी बाकं. सगळी. ती सरळ झाल्याशिवाय जाळीचं दार उघडायचं नाही." मग ती गुळगुळीत चकती त्यांनी खिशात टाकली. "आणि चोरी करताना कडा मोडणारी मुलगी मी तरी दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही."

बाकं सरळ व्हायला सगळी सुट्टी गेली. आतोबा रोज मदतीला येत. त्यांच्या हातात करवत कोणी दिली नाही, पण पॉलिश पेपर ते फार सुंदर घासत.

दहावीच्या पहिल्याच आठवड्यात जाळीचं दार उघडलं. भिंगरी लेथसमोर उभी राहिली आणि तिच्या ध्यानात आलं, की मशीन तिच्या मानाने चांगलं चार बोटं उंच आहे. टाचा उंचावून तिने चक्रापर्यंत हात नेऊन पाहिला. मग तिची नजर सावकाश खाली, मशीनच्या पायांकडे गेली.

"भिंगरे," मागून सरांचा आवाज आला. "त्याचे पाय लोखंडी आहेत."

तिने वळून पाहिलं. सर काटकोनात उभे होते. भिंतीवरच्या सगळ्या करवती गायब होत्या, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या मुठीत होती. दुसऱ्या हातात तिच्यासाठी एक लाकडी फळी होती, बरोबर चार बोटं जाडीची, चारही कडा मोडलेली.